युद्धविषयक सल्लामसलत (अमेरिका)

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने सैन्य लढाईत उतरवण्यापूर्वी आणि ते लढाईत असेपर्यंत काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्यांशी करायची चर्चा. १९७३च्या युद्धाधिकार ठरावाच्या तिसऱ्या कलमाने ती बंधनकारक केली. नाव ठरावाचे असले तरी तो पूर्ण ताकदीचा कायदा आहे. त्यावरचा पन्नास वर्षांचा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरतो: निर्णय कानावर घालणे म्हणजे सल्ला घेणे का?

अमेरिकी राज्यघटनेने युद्धाची सत्ता मुद्दाम विभागली. पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमानुसार युद्ध पुकारणे, सैन्य उभारणे आणि त्यासाठी पैसा देणे काँग्रेसकडे आहे. भूदलासाठीची तरतूद तर एका वेळी दोन वर्षांहून अधिक काळाची करता येत नाही. दुसऱ्या अनुच्छेदाने राष्ट्राध्यक्षाला सरसेनापती केले. भारतातल्या वाचकाने एक फरक ध्यानात ठेवावा. आपल्याकडे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष काँग्रेसच्या विश्वासावर टिकून नसतो, अविश्वास ठरावाने तो पडत नाही. म्हणून विचारपूस कायद्याने लादावी लागली.

काँग्रेसने रीतसर युद्ध पुकारल्याची शेवटची घटना जून १९४२ची. तेव्हा बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध घोषणा झाल्या. १९५०मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी काँग्रेसची मंजुरी न घेताच कोरियात सैन्य उतरवले. ऑगस्ट १९६४मध्ये राष्ट्राध्यक्षाला तिथे बळ वापरायची मुभा देणारा टोंकिनच्या आखाताचा ठराव काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला आणि त्याच्या आधारावर व्हिएतनामचे युद्ध वाढत गेले. पुढे कंबोडियावर गुप्तपणे बाँबफेक झाल्याचे उघड झाले, तेव्हा दोन्ही पक्षांच्या सदस्यांचा संयम संपला. नवा कायदा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवला. ७ नोव्हेंबर १९७३ रोजी प्रतिनिधिगृहाने २८४ विरुद्ध १३५ आणि सिनेटने ७५ विरुद्ध १८ मतांनी तो नकाराधिकार मोडून काढला.

कायदा काय सांगतो

सैन्य लढाईत, किंवा लढाई उघडच तोंडावर आलेली आहे अशा परिस्थितीत, उतरवण्यापूर्वी राष्ट्राध्यक्षाने ‘शक्य त्या प्रत्येक प्रसंगी’ काँग्रेसशी सल्लामसलत करावी आणि सैन्य परत येईपर्यंत ती नियमित चालू ठेवावी, असे तिसरे कलम सांगते. सल्लामसलत कोणाशी, किती सदस्यांशी, किती तास आधी, हे कलमात नाही. प्रतिनिधिगृहाच्या समितीच्या अहवालात मात्र अर्थ स्पष्ट केलेला आहे: निर्णय अजून व्हायचा आहे आणि सदस्यांचे मत, प्रसंगी संमतीही, मागितली जात आहे, तेव्हाच ती सल्लामसलत, नुसती माहिती देणे नव्हे. हे वाक्य अहवालात राहिले, कायद्यात आले नाही. माझ्या मते या कायद्यातली सर्वात महागात पडलेली उणीव हीच.

चौथ्या कलमानुसार ४८ तासांच्या आत लेखी अहवाल प्रतिनिधिगृहाचे सभापती आणि सिनेटचे हंगामी अध्यक्ष यांच्याकडे गेला पाहिजे. पाचव्या कलमानुसार, काँग्रेसची मंजुरी नसेल तर ६० दिवसांत सैन्य लढाईतून काढावे लागते. सुरक्षित माघारीसाठी आणखी ३० दिवस मिळू शकतात. साठ दिवस मोजायचे ते अहवाल दिल्यापासून, किंवा तो द्यायला हवा होता तेव्हापासून, यांपैकी जे आधी असेल तेव्हापासून. काँग्रेस सुट्टीवर असेल तर दोन्ही सभागृहांच्या ३० टक्के सदस्यांच्या मागणीवरून अधिवेशन बोलावण्याची विनंती करण्याचीही सोय आहे.

प्रत्यक्षात काय होते

५३५ सदस्यांना विचारणे शक्य नसते, म्हणून व्हाइट हाउस दोन्ही पक्षांचे नेते आणि परराष्ट्र, संरक्षण व गुप्तवार्ता समित्यांचे प्रमुख यांना फोन करते किंवा बैठकीला बोलावते. इथे एक घोटाळा वारंवार होतो. ‘आठ जणांचा गट’ (दोन्ही सभागृहांतले दोन्ही पक्षांचे नेते आणि गुप्तवार्ता समित्यांचे दोन्ही पक्षांचे प्रमुख) हा वेगळ्या कायद्यातला आहे. गुप्त मोहीम असाधारण संवेदनशील असेल तर माहिती त्या आठांपुरती ठेवता येते. त्यांना कळवले म्हणजे युद्धाधिकार ठरावाचे तिसरे कलम पाळले गेले, असे होत नाही.

सल्लामसलत खरी होती की नाही हे ओळखायची सोपी कसोटी म्हणजे घड्याळ. आदेशावर सही कधी झाली आणि बोलावणे कधी गेले, हे शेजारी ठेवून पाहावे. ग्रेनेडा या कॅरिबियन बेटावरच्या आक्रमणाच्या वेळी राष्ट्राध्यक्ष रेगन काँग्रेसच्या नेत्यांना २४ ऑक्टोबर १९८३ च्या रात्री आठ वाजता भेटले. सैन्य उतरवण्याच्या आदेशावर सही त्याआधी संध्याकाळीच झालेली होती आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सैनिक बेटावर होते. एप्रिल १९८६मध्ये लिबियावरच्या हल्ल्याआधी नेत्यांची बैठक झाली, पण तेव्हा ब्रिटनमधून निघालेली विमाने वाटेत होती. अशा बैठकीत कोणी विरोध केला तरी बदलण्यासारखे काही उरलेले नसते. कंबोडियाने पकडलेले मायाग्वेझ हे अमेरिकी जहाज सोडवण्याच्या १९७५च्या कारवाईनंतर सिनेटमधले बहुमताचे नेते माइक मॅन्सफील्ड यांचीही तक्रार हीच होती: मला विचारले नाही, ठरलेले सांगितले.

प्रशासनाची बाजूही खोटी नाही. एप्रिल १९८०मध्ये इराणमधल्या ओलिसांच्या सुटकेची मोहीम कार्टर यांनी काँग्रेसला न सांगता पाठवली, कारण बातमी फुटली असती तर ओलिसांचा जीव गेला असता. मात्र पूर्ण आक्रमणाची तयारी आठवडेच्या आठवडे चालते आणि वर्तमानपत्रांतही येते. तिथे गुप्ततेचे कारण पटत नाही.

पत्रातला एक शब्द

साठ दिवसांचे घड्याळ चौथ्या कलमातल्या पहिल्याच प्रकारच्या, म्हणजे लढाईच्या, अहवालाने सुरू होते. सशस्त्र तुकडी नुसती परदेशात पाठवली, किंवा तिथली संख्या बरीच वाढवली, तरी अहवाल द्यावा लागतो. पण त्याने घड्याळ चालत नाही. म्हणून व्हाइट हाउसचे वकील पत्रात ‘ठरावानुसार’ असे न लिहिता ‘ठरावाशी सुसंगत राहून’ असे लिहितात आणि प्रकार कोणता ते सांगत नाहीत. आजवर शंभराहून अधिक अहवाल गेले. त्यांत लढाईच्या उपकलमाचा थेट उल्लेख असलेला एकच, फोर्ड यांचा मायाग्वेझचा. आणि तो पोहोचला तेव्हा कारवाई संपलेली होती.

लेबनॉनमध्ये अमेरिकी सैन्य होते तेव्हा काँग्रेसनेच घड्याळ हातात घेतले. ऑक्टोबर १९८३च्या कायद्याने तिने लढाईचे उपकलम २९ ऑगस्टपासून लागू झाल्याचे ठरवले आणि सैन्याला १८ महिन्यांची मुदत दिली. २०११मध्ये लिबियावर हल्ले १९ मार्चला सुरू झाले, अहवाल २१ला गेला, साठ दिवस २० मे रोजी भरले. कारवाई पुढे चालूच राहिली. जमिनीवर सैन्य नाही, अमेरिकी सैनिक मरत नाहीत, गोळीबाराची देवाणघेवाण नाही, तेव्हा ही कायद्याच्या अर्थाने लढाईच नव्हे, असा ओबामा प्रशासनाचा युक्तिवाद होता. दुरून ड्रोनने मारा करणाऱ्या सैन्याला हा अर्थ लावला तर कायदा जवळजवळ निकामी होतो.

काँग्रेसच्या हातात काय उरते

मूळ कायद्यात दोन्ही सभागृहांच्या समवर्ती ठरावाने सैन्य परत बोलावता येत असे, राष्ट्राध्यक्षाच्या सहीशिवाय. १९८३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चड्ढा खटल्यात अशा विधिमंडळी नकाराधिकाराला घटनाबाह्य ठरवले आणि ही वाट डळमळीत झाली. आता संयुक्त ठराव करावा लागतो, तो राष्ट्राध्यक्षाकडे जातो, आणि तो नाकारला गेला तर दोनतृतीयांश मते लागतात. सिनेटमध्ये मात्र एक उपयोगी सवलत आहे. समितीने असा ठराव दहा दिवसांत पुढे पाठवला नाही, तर कोणीही एकटा सिनेटर तो समितीतून काढून सभागृहासमोर आणायचा की नाही यावर मतदान घ्यायला लावू शकतो. येमेनमधल्या युद्धातला अमेरिकेचा सहभाग थांबवणारा ठराव २०१९मध्ये सिनेटने ५४ विरुद्ध ४६ आणि प्रतिनिधिगृहाने २४७ विरुद्ध १७५ मतांनी संमत केला. ट्रम्प यांनी तो नाकारला. सिनेटमध्ये नकाराधिकार मोडायला ५३च मते पडली.

न्यायालये या भांडणात पडत नाहीत. १९९९मध्ये कोसोव्होसाठीच्या हवाई हल्ल्यांवरून काँग्रेसच्या काही सदस्यांनी क्लिंटन यांच्याविरुद्ध केलेला दावा, सदस्यांना तो दाखल करण्याचा अधिकारच नाही या कारणावर फेटाळला गेला.

कधी कधी विचारणे खरोखर होते. आखाती युद्धाआधी, १२ जानेवारी १९९१ रोजी, सिनेटने ५२ विरुद्ध ४७ अशा निसटत्या मतांनी मंजुरी दिली. त्याआधीच्या चर्चेत विरोधी मते मोकळेपणाने मांडली गेली. सीरियातल्या रासायनिक हल्ल्यानंतर ओबामा यांनी ३१ ऑगस्ट २०१३ रोजी काँग्रेसची मंजुरी मागितली. पुरेशी मते जमण्याची चिन्हे नव्हती आणि हल्ला झाला नाही.

तह आणि करार

युद्धाखेरीज परराष्ट्र धोरणातही काँग्रेसला विचारावे लागते. तहासाठी सिनेटच्या उपस्थित सदस्यांपैकी दोनतृतीयांशांची संमती लागते. बहुतेक करार आता तह म्हणून नव्हे तर कार्यकारी करार म्हणून, म्हणजे सिनेटच्या त्या संमतीशिवाय, होतात. काही करारांना मात्र खास कायद्याने काँग्रेसची मंजुरी लागते. भारत-अमेरिका अणुकरार त्यांपैकी एक. प्रतिनिधिगृहाने तो सप्टेंबर २००८मध्ये २९८ विरुद्ध ११७ मतांनी आणि सिनेटने १ ऑक्टोबरला ८६ विरुद्ध १३ मतांनी मान्य केला.

दुरुस्तीचा प्रस्ताव

जेम्स बेकर आणि वॉरेन ख्रिस्तोफर या दोन माजी परराष्ट्रमंत्र्यांच्या आयोगाने २००८मध्ये जुना कायदा रद्द करून नवा सुचवला. दोन्ही सभागृहांचे नेते आणि परराष्ट्र, संरक्षण, गुप्तवार्ता व अर्थविनियोग समित्यांचे प्रमुख अशा २० जणांची कायम समिती. एका आठवड्याहून अधिक चालेल अशा लढाईआधी तिच्याशी चर्चा. आणि ३० दिवसांत काँग्रेसमध्ये मतदान, असा त्याचा आराखडा. सल्लामसलत म्हणजे वेळेवर झालेली मतांची देवाणघेवाण, नुसती सूचना नव्हे, ही १९७३ला सुटलेली व्याख्याही त्यात घातली होती. टिम केन आणि जॉन मॅकेन या सिनेटरांनी २०१४मध्ये त्यावर आधारित विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही.