धुळवडीच्या गंजातला फणस

विदर्भात खेडोपाडी धुळवडीचा दिवस मटणाचा. होळी पेटली, की दुसऱ्या दिवशी उजाडताच चार-सहा घरं मिळून बोकड घेतात, पळसाच्या पानांवर वाटे पडतात आणि दुपारपर्यंत गावभर एकच वास सुटतो. नेमक्या याच दिवसांत कोवळे फणस बाजारात उतरू लागतात. मटणाच्या रश्श्यात फणसाच्या फोडी टाकायची रीत समजून घ्यायची, तर आधी हा जुळून आलेला हंगाम ध्यानात घ्यावा लागतो. पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशीही, मटणच शिजतं, पण तोवर भाद्रपद लागलेला असतो. कोवळा फणस तेव्हा कुठून मिळणार?

फणसाचं झाड मूळचं पश्चिम घाटातलं. वऱ्हाडातल्या काळ्या, कापसाच्या जमिनीत ते रमत नाही. मुळाशी पाणी तुंबलेलं त्याला चालत नाही, आणि अकोला-बुलडाण्याचा ८०० मिलिमीटरच्या आतबाहेरचा पाऊसही त्याला पुरत नाही. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, पाऊस भरपूर. तिथे परसात किंवा बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठी एखादं झाड दिसतं. त्यापलीकडे छत्तीसगड आणि ओडिशा, दोन्ही फणसाचे मुलूख. बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग १८९१ मध्ये आसनसोलपर्यंत पूर्ण झाला आणि पूर्वेकडचा हा पट्टा नागपूरच्या बाजाराशी रुळांनी जोडला गेला. त्यामुळे गोंदियाच्या बाईला फणस कापायला शिकवावं लागत नाही, आणि बुलडाण्याकडच्या कित्येक घरांत तो वर्षाकाठी एकदाही येत नाही.

वर तरंगणारी लालभडक तर्री पाहून हा रस्सा फार पुरातन असावा असं वाटतं. खरं तर यात फणस जुना आणि मिरची नवी. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. त्याआधी तिखटाला मिरे, पिंपळी आणि सुंठ. आज भिवापूरच्या मिरचीला आणि वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि या दोन्हींशिवाय आपण रश्श्याची कल्पनाच करू शकत नाही. त्याच सोळाव्या शतकात बाबराने हिंदुस्थानातली फळं नोंदवताना फणसाला सारण भरलेल्या मेंढीच्या कोथळ्याची उपमा दिली. त्याला ते फळ मुळीच आवडलं नव्हतं. पण फणस पाहून मांस आठवणारा तो एकटाच नव्हे.

आता मुद्द्याचं. फणस मटणात का गेला? एक कारण उघड आहे: वाट्याला आलेलं किलोभर मटण आणि पंगतीला पंधरा माणसं. फणस पडला की रस्साही वाढतो आणि प्रत्येकाच्या ताटात चावायला काहीतरी येतं. पण मला दुसरं कारण अधिक मोलाचं वाटतं. विदर्भ मटणखाऊ म्हणून प्रसिद्ध असला, तरी मांस वर्ज्य करणाऱ्यांची परंपराही इथे तितकीच खोल आहे. महानुभावांचं रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातलं. शेंडगावचे गाडगेबाबा (१८७६–१९५६) जत्रेतल्या बोकडबळीविरुद्ध आयुष्यभर कीर्तनं करत फिरले. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची भजनं गावोगाव पोचली. एकाच घरात थोरला भाऊ माळकरी आणि धाकटा मटणाचा शौकीन, हे चित्र आमच्याकडे जागोजाग दिसतं. अशा घरात वाटण एकच होतं आणि गंज, म्हणजे पातेली, दोन चढतात. एकात बोकड, दुसऱ्यात फणस. माळकऱ्याला धुळवडीला उपाशी किंवा वरणभातावर बसवायचं नाही, ही त्यामागची माया आहे. जिथे घरात माळ नाही, तिथे हे दोन गंज एक झाले, असं मला वाटतं.

वाटण मात्र नीट व्हायला हवं. अख्खा कांदा आणि सुक्या खोबऱ्याची वाटी निखाऱ्यात काळपट होईतो भाजायची. धने, खसखस, दगडफूल, मिरे, लवंग, तेजपान थोड्या तेलावर परतून पाट्यावर लोण्यासारखं मऊ वाटायचं. जुन्या घरांत तेल जवसाचं. रस्सा दाट व्हावा म्हणून चमचाभर भाजलेलं ज्वारीचं पीठ. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांनी नावारूपाला आणलेली सावजी याच्याच जवळची, फक्त तिखटाला अधिक जहाल.

फणस कापायच्या आधी हातांना आणि विळीला तेल चोळतात, नाहीतर चीक सुटता सुटत नाही. आठळी अजून कडक न झालेला फणस घ्यावा. त्याची काटेरी साल आणि मधला दांडा काढला की बाकी सगळं खाता येतं. फोडी हळदमीठ लावून तेलात तांबूस तळून घ्यायच्या, म्हणजे त्या रश्श्यात फुटत नाहीत. मटण वाटणात परतून मंद आचेवर दीडेक तास शिजतं. शेवटच्या अर्ध्या तासात फोडी सोडायच्या. फणसाला स्वतःची चव फारशी नसते, म्हणून त्याचे धागे मटणाची चरबी आणि मसाला पिऊन घेतात. पोषणात मात्र तो मटणाची जागा घेत नाही: १०० ग्रॅम कच्च्या फणसात प्रथिनं दोनएक ग्रॅम, बोकडाच्या मटणात वीसच्या आसपास. लेकरांच्या ताटात दोन्ही पडायला हवं, ते यासाठी.

कुकर आल्यापासून पुष्कळ घरांत दोन्ही एकदमच शिट्ट्यांवर टाकतात आणि फणसाचा लगदा होतो. मटणाच्या शिट्ट्या आधी काढून घ्याव्या, झाकण उघडून फोडी घालाव्या, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरावा आणि उघड्या भांड्यातच पुढचा अर्धा तास रटरटू द्यावं. सोबत ज्वारीची भाकर किंवा रोडगे.