फळी मोडते ती मातीच्या रेषेवर

हिरवळ आणि फुलझाडांचा वाफा यांच्यामध्ये मी पहिल्यांदा लावल्या त्या पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या. दोन पावसाळे त्यांनी काढले. तिसऱ्या वर्षी आधाराची एक खुंटी हलवून पाहिली, तर ती हातात आली, पण अर्धीच. वरचा तुकडा ठणठणीत होता. जमिनीत राहिलेलं टोक उकरून काढलं, तेही बऱ्यापैकी शाबूत. मोडली होती ती बरोबर मातीच्या पातळीवर. शेताच्या कुंपणाचे खांब ज्यांनी बदललेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

लाकूड कुजवते बुरशी, आणि तिला पाणी नि हवा दोन्ही लागतात. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली असली, की तिचं काही चालत नाही. उलट लाकूड पाण्यात पूर्ण बुडालं, तर प्राणवायूवाचून तिची वाढ खुंटते. खुंटीचं डोकं ऊन-वाऱ्याने सुकतं, खाली खोल मातीत हवा कमी. मधल्या दोन-तीन इंचांत मात्र बुरशीची चंगळ.

मग लाकूड मातीत घालायचंच कशाला? हरळीमुळे. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हीच हरळी. तिची एक खोडं जमिनीवरून धावतात आणि पेरापेराला मुळं सोडतात, दुसरी जमिनीखालून आडवी सरकतात. नुसत्या मांडून ठेवलेल्या विटांखालून ती निवांत पलीकडे निघते आणि शेवंतीच्या बुडाशी डोकं काढते. जमिनीखालची खोडं बहुतेक वरच्या वीतभर मातीत असतात, म्हणून फळी निदान सहा इंच गाडावी लागते. तिचा एक दुबळेपणा कामी येतो: उसाप्रमाणेच ती कडक उन्हाची भोक्ती, सावलीत विरळ होते. कडेला दाट झाडोरा असला, तर फळीचं निम्मं काम सावलीच करते.

लाकूड कोणतं? जुन्या सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, ते वाळवीला मानवत नाही. पण बाहेरच्या फिकट लाकडाला ही कवचकुंडलं नसतात, आणि कोवळ्या सागात तेच जास्त. ‘सागवानी आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये, रंग बघावा.

दुसरी वाट रसायनाची. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण लाकडात मुरवायची पद्धत १९३३ मध्ये शोधली ती सोंटी कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने. पुढे ती जगभर पसरली. पण आर्सेनिक मातीत झिरपतं, म्हणून अमेरिकेत २००३ अखेरीस घरगुती वापरासाठी असं लाकूड बनवणं उत्पादकांनी थांबवलं. फुलांशेजारी उद्या कोथिंबीर पेरायचा मोह होणारच, तेव्हा मी त्या वाटेला गेलो नाही.

या खेपेला जुन्या दाराच्या चौकटीचं सागवान मिळालं. फळीच्या बाजूंपेक्षा कापलेल्या टोकांतून पाणी कितीतरी वेगाने चढतं, कारण झाडात ते वाहायचं त्या नळ्या तिथे उघड्या पडतात. म्हणून टोकांना डांबराचे दोन हात दिले. खाली आणि दोन्ही बाजूंना बारीक खडी भरली. पाणी तिच्यातून निथळतं, शिवाय आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तो रेटाही थोडा खडीच सोसते. खुंट्या वाफ्याच्या बाजूला ठोकल्या, नाहीतर गवत कापायच्या यंत्राचं पातं अडकतं. आता दर जूनच्या आधी स्क्रूड्रायव्हरचं टोक मातीच्या रेषेवर दाबून बघतो. अजून तरी आत जात नाही.