जुनी मशीद, नवी मशीद: मांडवीतल्या बेने इस्रायली खुणा

मशीद बंदर स्टेशनवरून सॅम्युअल स्ट्रीटकडे निघालं की हातगाड्या आणि हमालांमधून वाट काढावी लागते. याच रस्त्यावर मुंबईतलं सर्वांत जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. नाव शार हरहमिम, म्हणजे दयेचं द्वार. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मात्र त्याला 'जुनी मशीद' म्हणत आले.

या शब्दापाशी थांबायला हवं. कोकणात शतकानुशतकं राहिलेल्या या समाजाची घरची भाषा मराठी. प्रार्थनास्थळासाठी शेजारपाजारी रुळलेला शब्दच त्यांनी आपलासा केला. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज, ही त्यांची परंपरा. ते तेल गाळत, शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावंही गावांचीच: दिवेकर, किहीमकर, रोहेकर.

अठराव्या शतकात फौजेतल्या नोकरीसाठी आणि कामधंद्यासाठी ही कुटुंबं मुंबईत आली. त्यांतलेच सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युअल इझिकेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले हे अधिकारी म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. आपण बेने इस्रायल आहोत, असं कैद्यांनी सांगितलं तेव्हा टिपूच्या आईने रदबदली केली, असं समाजात सांगतात. सुटका झाली तर प्रार्थनामंदिर बांधीन, हा नवस दिवेकरांनी 1796 मध्ये ही जुनी मशीद बांधून फेडला. रस्त्याला नाव त्यांचंच. स्टेशनाचं नावही याच मशिदीवरून पडलं, असं अनेकजण मानतात; काहीजण मुसलमानांच्या जामा मशिदीकडे बोट दाखवतात. मला यात भांडण दिसत नाही, कारण दोन्ही समाज त्याच गल्ल्यांत नांदले.

वस्ती वाढली तशी 1840च्या दशकात टनटनपुरा स्ट्रीटवर शारे रसोन उभं राहिलं. तीच 'नवी मशीद'. 1888 मध्ये उमरखाडीत एत्झ हाईम प्रार्थनालय सुरू झालं. चालत गेलं तर ही तिन्ही ठिकाणं एका सकाळीत पाहून होतात.

1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, उरलेली ठाण्याकडे आणि इतर उपनगरांत पांगली. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. जुन्या मशिदीत आता तेवढे जमवणंही अवघड होऊन बसलं आहे.