बाय की टिल? एका ‘पर्यंत’मागचे दोन इंग्रजी शब्द

इंग्रजी लिहिताना मराठी माणूस हमखास अडतो अशी एक जागा म्हणजे ‘पर्यंत’. आपलं एका शब्दात भागतं, ‘शुक्रवारपर्यंत पाठव’ पण म्हणतो आणि ‘शुक्रवारपर्यंत थांब’ पण म्हणतो, इंग्रजीत मात्र पहिल्याला बाय लागतं आणि दुसऱ्याला टिल किंवा अन्टिल. बरेच जण दोन्हीकडे टिल टाकून मोकळे होतात. ‘सेन्ड मी द फाइल टिल फ्रायडे’ असे मेल सर्रास जातात, आणि समोरच्याने ते शब्दशः घेतलं तर अर्थ होतो की शुक्रवार उजाडेपर्यंत तीच फाइल पाठवत राहा.

टिल कधी, तर एखादी गोष्ट चालू आहे, चालूच आहे, आणि त्या वेळेला येऊन ती थांबते तेव्हा. आणि बाय कधी, तर गोष्ट एकदाच व्हायची आहे, आज होऊ दे नाहीतर उद्या, पण ती वेळ उलटायच्या आधी. झोपणं, थांबणं, राहणं, वाट बघणं ही लांबत जाणारी कामं टिलकडे जातात. पोचणं, पाठवणं, संपवणं, उधार घेतलेलं परत करणं, ही एकदा झाली की झाली, ती बायकडे.

व्याकरणाची पुस्तकं इथे क्रियापदांचे प्रकार वगैरे सांगतात, पण मला वाटतं मराठीतच ह्याची जास्त सोपी परीक्षा आहे. ‘पर्यंत’ काढा आणि तिथे ‘च्या आत’ घालून बघा. ‘सोमवारच्या आत फॉर्म भर’, एकदम बरोबर वाटतं ना, मग बाय. ‘सोमवारच्या आत इथे थांब’ हे कानालाच खटकतं, मग टिल. एवढं केलं तरी दहातल्या नऊ वेळा अडचण येत नाही.

उरलेली एक वेळ मात्र नीट बघण्यासारखी आहे. समजा कोणीतरी मेसेज केला, ‘मी सहापर्यंत घरी असेन’. आता ह्याचा अर्थ काय? सहा वाजायच्या आत घरी पोचेन आणि मग घरीच आहे, की आत्ता घरी आहे आणि सहाला बाहेर पडणार? मराठीत दोन्ही निघतात, आपण संदर्भावरून ओळखतो आणि कधीकधी चुकतोही, सातला जाऊन बंद दाराची बेल वाजवत बसतो. इंग्रजीत हीच दोन वेगळी वाक्यं होतात. ‘आय विल बी होम बाय सिक्स’ म्हणजे सहानंतर या. ‘आय विल बी होम टिल सिक्स’ म्हणजे सहाच्या आधी या. एक छोटा शब्द बदलला आणि अर्थ बरोबर उलटा झाला, आणि दोन्ही वाक्यं व्याकरणाने शुद्ध, त्यामुळे चूक झाली तरी वाचणाऱ्याला ती दिसतच नाही. म्हणून ही चूक मला बाकीच्या चुकांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

मराठीला हा फरक कळत नाही असं मात्र कोणी समजू नये. ‘पहाटे पाचपर्यंत अंधार होता’ आणि ‘संध्याकाळी सातपर्यंत अंधार झाला होता’ ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात अंधार पाचला संपतो, दुसऱ्यात सात वाजले तेव्हा तो पडलेला आहे. पहिल्याला टिल, दुसऱ्याला बाय. म्हणजे आपण हे काम क्रियापदाकडून करून घेतो आणि इंग्रजी ते ह्या चिमुकल्या शब्दांवर सोपवते. ‘आत्तापर्यंत’चंही तेच, ‘आत्तापर्यंत तो पोचला असेल’ इथे बाय नाऊ, ‘आत्तापर्यंत तो इथेच होता’ इथे अन्टिल नाऊ.

टिल आणि अन्टिल ह्यांच्यात अर्थाचा फरक नाही, फक्त औपचारिक लिखाणात अन्टिल जास्त दिसतं. टिल हे अन्टिलचं छोटं रूप आहे असा समज आहे पण उलट टिल जास्त जुना आहे, अन्टिल नंतर आला. आणि स्पेलिंगमध्ये टिलला दोन एल, अन्टिलला एकच.

तारखांच्या बाबतीत थोडं जपून. ‘बाय फ्रायडे’मध्ये साधारणपणे शुक्रवार धरतात, म्हणजे शुक्रवारी दिलंत तरी चालतं. अन्टिलचं तसं पक्कं नाही. ‘क्लोज्ड अन्टिल मंडे’ असेल तर सोमवारी उघडं असणार, पण ‘व्हॅलिड अन्टिल 31 मार्च’ म्हटलं की 31 तारीखसुद्धा धरली जाते. करार किंवा पैशाचा मामला असेल तर सरळ तारीख आणि वेळ लिहावी, किंवा ती तारीख धरून असं स्पष्ट म्हणावं. अमेरिकन लोक ह्यासाठी थ्रू वापरतात, ‘मंडे थ्रू फ्रायडे’ म्हटलं की शुक्रवार आत आलाच.

आणखी एक, आपलं ‘पर्यंत’ जागेलाही चालतं, आकड्यालाही चालतं. ‘स्टेशनपर्यंत सोबत येतो’ ह्याचं ‘टिल द स्टेशन’ आपल्याकडे सगळे म्हणतात आणि समजतंही, पण प्रमाण इंग्रजीत टिल वेळेसाठी, जागेसाठी ‘ॲज फार ॲज’ किंवा नुसतं ‘टू’.

ह्या टूची आणि बायचीही एक जोडी आहे जिथे लोक गडबडतात, ती आकड्यांची. 100 ची गोष्ट ‘बाय 20’ कमी झाली तर 80 उरले, ‘टू 20’ कमी झाली तर 20 च उरले. मराठीत आपण ‘वीसने कमी झाली’ आणि ‘वीसवर आली’ असं अगदी स्वच्छ बोलतो, त्यामुळे रिपोर्ट लिहिताना ‘ने’ असेल तिथे बाय आणि ‘वर’ असेल तिथे टू.