छळणारा मनातून भित्रा असतो, हा समज

‘इतरांना छळणारा मनातून भेदरलेला असतो, दुर्लक्ष केले की तो थांबतो’ हा सल्ला पिढ्यानपिढ्या दिला जात असला, तरी संशोधन त्याला दुजोरा देत नाही. शाळांमधील छळाचा पद्धतशीर अभ्यास १९७०च्या दशकात सुरू करणारे डॅन ओल्वेयस यांना असे आढळले की छळणाऱ्या मुलांमध्ये चिंता आणि असुरक्षितता सरासरीइतकी किंवा त्याहून कमीच असते. (स्वतः छळ सोसून इतरांना छळणारी मुले मात्र खरोखर अस्वस्थ असतात, पण तो गट लहान आहे.)

मग छळ टिकतो कशावर? फिनलंडमधील क्रिस्टिना साल्मिव्हाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की वर्गातील बहुतेक मुलांचा त्यात काही ना काही वाटा असतो: कोणी साथ देतो, कोणी हसून चेव आणतो, कोणी नुसता बघतो, तर थोडे जण पीडिताची बाजू घेतात. छळणाऱ्याला हवी असलेली प्रतिष्ठा हेच प्रेक्षक पुरवतात. त्यामुळे एकट्या पीडिताने दुर्लक्ष करून फारसे काही साधत नाही, आणि तसे सांगणे म्हणजे जबाबदारी सर्वांत दुबळ्या माणसावर ढकलणे होय.

प्रतिस्पर्ध्याच्या व्यंगाची नक्कल करणारा नेता आणि पाहुण्याला बोलूच न देता झापणारा वृत्तनिवेदक यांनाही टाळ्या व प्रेक्षकसंख्या हेच बळ देतात. मात्र सत्ताधाऱ्याला विचारलेला बोचरा प्रश्न छळ ठरत नाही, कारण ओल्वेयस यांच्या व्याख्येत हेतू आणि पुनरावृत्तीइतकीच बळातील विषमताही आवश्यक आहे.