बॉर्डरवरची शुगर

नागपुरात अंबाझरीला सकाळी फिरून आलेली मंडळी तर्री-पोह्याच्या ठेल्याभोवती जमली की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "काही नाही भाऊ, शुगर बॉर्डरवर आहे फक्त." परवा आमच्याच गल्लीतले एक काका हे म्हणाले आणि त्या आनंदात त्यांनी तर्री वाढवून घेतली. (तर्रीला उगाच बदनाम करत नाही. शुगरच्या हिशेबात तिच्याखालचे पोहे जास्त भारी पडतात.)

ही बॉर्डर आखली कुणी? अमेरिकन मधुमेह संघटनेच्या हिशेबात उपाशीपोटी शुगर १०० च्या आत असली तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे पूर्वमधुमेह आणि १२६ पासून पुढे मधुमेह. मधुमेहाची ही रेघ १९९७ पर्यंत १४० वर होती. ती खाली आणताना तज्ज्ञांनी मुख्यतः डोळ्यांकडे पाहिलं होतं : किती शुगरपासून डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडायला लागतात? पूर्वमधुमेहाची रेघ २००३ मध्ये ११० वरून १०० वर आली, पण जागतिक आरोग्य संघटना आजही ११० च धरते. म्हणजे काकांची १०८ शुगर एका यादीत पूर्वमधुमेह आहे, दुसऱ्या यादीत नाही. हृदयाच्या, मेंदूच्या आणि पायांच्या मोठ्या धमन्यांना तर या रेघा आखताना कुणी फारसं विचारलंच नव्हतं.

बोअरच्या पाण्याचे क्षार नळात साचतात, तशी साखर धमनीत साचते, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. ती चूक आहे. धमनीला आतून जेमतेम एका पेशीइतक्या जाडीचं जिवंत अस्तर असतं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं, त्यामुळे धमनी सैल पडते आणि रक्त सुरळीत वाहतं. हा शोध एवढा मोलाचा ठरला की त्यासाठी १९९८ चं नोबेल दिलं गेलं. हा वायू तयार करण्याचा निरोप अस्तराला इन्सुलिनही देतं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून वर्षानुवर्षं शुगर कशीबशी आवरून धरतं. रिपोर्टमध्ये फक्त 'बॉर्डर' दिसते. इकडे अस्तराला निरोप नीट पोचत नाही, यकृत रक्तात जास्त ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) सोडू लागतं, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं आणि वाईट कोलेस्टेरॉलचे कण लहान नि घट्ट होतात. असे कण अस्तराखाली सहज शिरतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी धावतात, तिथेच अडकतात, आणि धमनीच्या भिंतीत चरबीची गाठ धरायला लागते.

शुगर वाढली की आणखी एक गोष्ट घडते. साखर प्रथिनांना चिकटते. तीन महिन्यांच्या सरासरीची जी एचबीए१सी चाचणी आपण करतो, ती हीच चिकटलेली साखर मोजते, तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवरची. तांबडी पेशी सुमारे १२० दिवसांत मरते आणि हिशेब नव्याने सुरू होतो. धमनीच्या भिंतीतलं कोलॅजन (धाग्यांसारखं प्रथिन) मात्र वर्षानुवर्षं तेच राहतं. त्यावर चिकटलेली साखर वाढत जाते, धागे एकमेकांना जखडतात आणि धमनी ताठर होते.

धोका किती? २०२० मध्ये १२९ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात पूर्वमधुमेहींना हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका सुमारे १५ टक्के जास्त दिसला. मधुमेहात तो साधारण दुप्पट होतो. एकट्या माणसासाठी १५ टक्के म्हणजे घाबरून जाण्यासारखं काही नाही. पण आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात पूर्वमधुमेही आहेत सुमारे १३.६ कोटी.

"मी तर सुकडा आहे," हा बचावही आपल्याकडे टिकत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन मधुमेह-संशोधकांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के!

पायांच्या धमन्या अरुंद झाल्या की सेमिनरी हिल्सचा चढ चढताना पोटरी भरून येते आणि थांबलं की दोन-तीन मिनिटांत मोकळी होते. लोक ते वयावर ढकलतात. त्यात मधुमेहाने नसाही बधिर झाल्या असतील तर मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर तळवे भाजले तरी कळत नाही, आणि रक्त कमी पोचत असल्याने ती जखम लवकर भरतही नाही.

चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये ५७७ पूर्वमधुमेहींवर प्रयोग सुरू झाला. काही गटांना सहा वर्षं आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन मिळालं. तीस वर्षांनी पाहिलं तर त्यांच्यात हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार २६ टक्क्यांनी कमी होते. उलट, जुन्या मधुमेहींची शुगर औषधांचा जोर लावून जवळपास नॉर्मलला आणण्याचा अमेरिका-कॅनडातला प्रयोग २००८ मध्ये मधेच थांबवावा लागला, कारण त्या गटात मृत्यू जास्त झाले. यावरून कुणी गोळ्या सोडू नयेत. पण धमनीचं दुखणं एकट्या शुगरचं नाही, बीपी आणि कोलेस्टेरॉलही तितकेच सांभाळावे लागतात, असं मला यातून दिसतं.

काकांचा रिपोर्ट मोबाइलवर होता. पहिल्या पानावर १०८. दुसरं पान त्यांनी उघडलंच नव्हतं : ट्रायग्लिसराइड २२०, चांगलं कोलेस्टेरॉल ३४. प्लेट खाली ठेवून त्यांनी चष्मा लावला.

"भाऊ, हे दोन आकडे काऊन जाड अक्षरात छापले?"