शुगर झालेल्या मुलाला गूळ चालतो?

"साखर बंद केली, आता गुळाचा चहा आणि मध देतो" हे टाइप २ डायबिटीस झालेल्या जाड मुलांच्या घरी हमखास ऐकू येतं, आणि ते चूक आहे. गुळातही बहुतेक साखरच असते, मधातही साधारण ८० टक्के साखर, त्यामुळे रक्तात जायचं ते जातंच, फक्त आईला बरं वाटतं! फळांचा ज्यूसही तसाच, चोथा गेला की राहिलं गोड पाणी. त्यापेक्षा अख्खा पेरू द्या.

दुसरं टोक म्हणजे भात-पोळी एकदम बंद करून पोराला उपाशी ठेवणं. अरे, वाढतं वय आहे त्याचं! कोल्ड्रिंक, बिस्किटं, फरसाण घरात आणायचंच नाही (बाबांसाठीसुद्धा नाही, कारण एकट्या मुलाचं पथ्य चार दिवस टिकतं), ताटात उसळ, भाजी, कोशिंबीर जास्त, भात एक वाटी, एवढ्यानंही बराच फरक पडतो. उंची वाढायची थांबलेल्या मुलांनी ७ ते १० टक्के वजन उतरवावं असं सांगतात.

पण नुसत्या पथ्यावर औषध सोडू नका. २०१२ ला आलेल्या अमेरिकेतल्या टुडे नावाच्या अभ्यासात १० ते १७ वयाच्या मुलांत एकट्या मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीवर सुद्धा निम्म्यांची शुगर आटोक्यात राहिली नव्हती, म्हणजे मोठ्यांपेक्षा हा आजार मुलांत जास्त चिवट. आणि टाइप १ असेल (म्हणजे शरीरात साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही तो प्रकार) तर इन्सुलिनचं इंजेक्शन एक दिवसही बंद करायचं नाही, जिवावर बेततं.